दुर्बोधता आणि वाचकाचे श्रम : एका जुन्या वादाचा मागोवा

१

मराठी काव्यसमीक्षेत ‘दुर्बोध’ हा शब्द वर्णनापेक्षा निवाडा म्हणूनच अधिक वापरला गेला आहे. एखाद्या कवितेला दुर्बोध म्हटले की एका पक्षाच्या मते तिचा निकाल लागतो. दुसऱ्या पक्षाच्या मते निकाल लागतो तो वाचकाचा. पहिला पक्ष म्हणतो, कविता कळत नसेल तर ती लिहिली कशासाठी? दुसरा म्हणतो, कविता कळण्यासाठी श्रम करावे लागतात, आणि श्रम न करणाऱ्याने तक्रार करू नये. दोन्ही भूमिका एवढ्या सवयीच्या झाल्या आहेत, की त्या दोहोंत गृहीत धरलेला एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाही : श्रमांचे फळ नेमके कोणते? कळणे म्हणजे कवितेच्या आड दडलेला अर्थ हाती लागणे, की वाचकाच्या ग्रहणशक्तीतच काही पालट होणे? या प्रश्नाचे उत्तर जसे द्यावे तसे दुर्बोधतेचे मूल्य बदलते. आणि हे उत्तर केवळ तत्त्वचर्चेने मिळणारे नाही. निरनिराळ्या काळांतील वाचकांनी ज्या रचनांवर श्रम केले, त्यांचे पुढे काय झाले हे पाहूनच त्याची परीक्षा होऊ शकते.

२

संस्कृत काव्यशास्त्राच्या आरंभकाळीच हा वाद तोंडावर येतो. रामकथेच्या निमित्ताने व्याकरण शिकवणारे बावीस सर्गांचे महाकाव्य रचणाऱ्या भट्टीने ग्रंथाच्या अखेरीस असे सांगून टाकले, की आपले काव्य टीकेच्या साहाय्यानेच कळणारे आहे. बुद्धिमंतांना तो उत्सव वाटेल, मंदबुद्धीचे मात्र येथे मारले जातील. भामहाने जवळजवळ त्याच शब्दांत याच्या उलट सूर लावला. शास्त्रग्रंथांप्रमाणे काव्यांनाही टीकेची गरज पडू लागली, तर उत्सव बुद्धिमंतांचाच होणार आणि मंदबुद्धीच्यांचा घात होणार, हे त्याने दूषण म्हणून मांडले. भट्टी आधीचा की भामह, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दोघांत कोणी कोणाला उत्तर दिले हा प्रश्न येथे गौण आहे. एकाच विधानातून एकाला अभिमान वाटतो आणि दुसऱ्याला खेद, हे महत्त्वाचे. विद्वानांपासून स्त्रिया-बालकांपर्यंत सर्वांना अर्थ प्रतीत व्हावा, ही भामहाची प्रसादगुणाची कल्पना होती.

बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘नैषधीयचरिता’च्या शेवटी आपण ग्रंथात ठिकठिकाणी मुद्दाम गाठी मारून ठेवल्याचे सांगितले. स्वतःला पंडित समजणाऱ्या खळाने या काव्याशी खेळू नये, आणि श्रद्धेने गुरूची सेवा करणाऱ्याला मात्र त्या गाठी सैल होऊन रसाचा लाभ व्हावा, असा त्याचा हेतू. भट्टीच्या अहंकाराचीच ही आवृत्ती आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु कवीची घोषणा आणि काव्यातील व्यवहार यांत अंतर असते. ‘नैषधा’च्या तेराव्या सर्गात दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, यम आणि वरुण हे चार देव नलाचेच रूप घेऊन बसलेले आहेत. सरस्वती एकेकाचा परिचय करून देते, तो अशा श्लिष्ट शब्दांत, की वर्णन देवालाही लागू पडते आणि नलालाही. त्यांतील एक श्लोक तर पाचही जणांना लागू पडतो. पदच्छेद बदलत, अर्थ पालटून पाहत वाचक गोंधळतो. पण त्या क्षणी दमयंतीचीही नेमकी तीच अवस्था झालेली असते. खरा नल कोणता, हे तिला शब्दांवरून ठरवता येत नाही. येथे श्लेष हा प्रसंगाचाच अवयव आहे. वाचकाचे श्रम दमयंतीच्या व्याकुळतेत मिसळून जातात, आणि टीकाकाराने पाचही अर्थ उलगडून दाखवल्यानंतरही ती व्याकुळता शिल्लक राहते.

याच्या शेजारी भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा पंधरावा सर्ग ठेवून पाहावा. युद्धवर्णनाच्या या सर्गात केवळ ‘न’ या व्यंजनावर उभारलेला श्लोक आहे, चहूबाजूंनी सारखाच वाचता येणारा बंध आहे. भारवीच्या वाणीला मल्लिनाथाने नारळाची उपमा दिली. करवंटी फोडावी आणि आतील रस चाखावा, असा तिचा आशय. भारवीच्या अर्थगौरवाला ती शोभते. परंतु एकाक्षरी श्लोकात करवंटी फोडून हाती येतो तो साधा युद्धप्रसंगातील उद्गार. गाठ सुटली की विस्मय वाटतो, आणि तो कवीच्या कसबाविषयीचा असतो. पुन्हा त्या श्लोकाकडे वळावे असे काही उरत नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने अशा चित्रकाव्याला मुख्य काव्य न मानता काव्याचे अनुकरण मानले, त्यामागे हाच अनुभव असावा.

म्हणजे दोन्ही ठिकाणी श्रम सारखेच आहेत. फळ मात्र भिन्न आहे. श्रमांच्या प्रमाणावरून काव्याचे मूल्य ठरत नाही, ही या तुलनेतून मिळणारी पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट अभिनवगुप्ताने पुरवली. ‘लोचन’ टीकेत सहृदयाचे लक्षण करताना त्याने काव्याच्या अनुशीलनाचा अभ्यास सांगितला. या अभ्यासाने ज्यांचा मनोरूपी आरसा स्वच्छ झालेला असतो आणि वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्या ठिकाणी असते, ते सहृदय. येथे श्रमांची जागाच बदललेली दिसते. श्रीहर्षाच्या गाठी ग्रंथात आहेत. अभिनवगुप्ताचा आरसा वाचकाच्या ठिकाणी आहे. श्रम करावयाचे ते एका श्लोकाचे कुलूप उघडण्यासाठी नव्हेत, तर पुढच्या प्रत्येक श्लोकासाठी मन सिद्ध व्हावे म्हणून. काव्यावर केलेल्या परिश्रमांचे फळ त्या काव्यापुरते मर्यादित राहते की नाही, ही कसोटी या विचारातून निघते.

३

मराठीत या दोन्ही परंपरांचे वारस आढळतात. ‘ज्ञानेश्वरी’ सुबोध ग्रंथ आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही ती केवळ पंडितांची राहिली नाही. याचे एक कारण ग्रंथाच्या घडणीतच आहे. तो श्रोत्यांच्या सभेत बोलला जात आहे, श्रोते मध्येच प्रेमाने अडवत आहेत, वक्ता त्यांची मनधरणी करत आहे. आकलनाचे श्रम एकट्याने करावयाचे नसून ते श्रवणाच्या व्यवहारात वाटून घ्यावयाचे आहेत, असे हा ग्रंथच सुचवतो. पुढे पारायण, प्रवचन आणि कीर्तन या संस्थांनी हीच वाटणी शतकानुशतके चालू ठेवली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ‘ज्ञानेश्वरी’चे पाठशुद्धीचे काम पूर्ण केले आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. वाचकाचे कष्ट कमी व्हावेत म्हणून त्यांनी ग्रंथ सोपा केला नाही; कष्ट योग्य ठिकाणी पडावेत म्हणून तो शुद्ध केला. अपपाठाने निर्माण होणारी दुर्बोधता आणि अनुभवाच्या गहनतेतून येणारी दुर्बोधता यांतला भेद या कृतीत स्पष्ट दिसतो.

मोरोपंतांचे (१७२९–१७९४) प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले निरोष्ठ रामायण हे भारवीच्या एकाक्षरी श्लोकाच्या जातीचे. ‘केकावली’तील आर्जव मात्र केवळ शब्दकौशल्याने निर्माण होणारे नाही. १८६५ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी ‘केकावली’वर ‘यशोदा-पांडुरंगी’ ही टीका लिहिली. एका वैयाकरणाने देशी भाषेतील कवीला संस्कृत महाकवींच्या तोडीचा टीकेचा मान द्यावा, ही तेव्हा लहान घटना नव्हती. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त (१८७४–१८८१) मोरोपंतांच्या कवितेचा कैवार घेतला. नव्या शिक्षणाने तयार होत असलेल्या वाचकाला पंतांची आर्या क्लिष्ट वाटू लागली होती, हेच या समर्थनाच्या गरजेवरून दिसते. ज्या श्रोतृवर्गाला कीर्तनकाराने ही आर्या कानांवरून ओळखीची करून दिली होती, तो मागे पडत होता. डोळ्यांनी वाचणारा, एकटा वाचक पुढे येत होता. रचना तीच, पण तिची दुर्बोधता वाढली होती. दुर्बोधता ही कवितेचा स्थिर गुणधर्म नसून कविता आणि वाचकसमूह यांच्यातील संबंधाचे नाव आहे, हे या घटनेने दाखवून दिले. मम्मटाने याचे बीज पूर्वीच पेरून ठेवले होते : केवळ शास्त्रातच प्रसिद्ध असलेला शब्द वापरणे हा एरवी दोष, परंतु बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्या शास्त्राचे जाणकार असतील तर तोच गुण.

४

आधुनिक मराठी कवितेत दुर्बोधतेचा आक्षेप केशवसुतांपासून सुरू होतो. १८९३ च्या ‘झपूर्झा’ या कवितेचे शीर्षकच अनेकांना अडले. कोशात न सापडणारा हा शब्द मुलींच्या खेळातील बोलांवरून घडलेला होता. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला येथे पांडित्य उपयोगी पडत नव्हते. उपयोगी पडत होती ती अंगणातील गिरकीची आठवण. जाणिवेच्या नेहमीच्या सीमेपलीकडील तंद्री व्यक्त करण्यासाठी कवीने अर्थाने नव्हे तर लयीने ओळखला जाणारा शब्द निवडला. दुर्बोधतेचा पत्ता ग्रंथालयाकडून अनुभवाकडे सरकला तो येथे.

बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाल्या आणि या वादाला कडाक्याचे रूप आले. संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून कवी निर्दोष सुटला. दुर्बोधतेच्या आरोपातून सुटका होण्यास मात्र अधिक काळ लागला. या आरोपामागे एक पाश्चात्त्य संदर्भही उभा होता. टी. एस. एलियटने १९२१ साली इंग्रजी मेटाफिजिकल कवींवर लिहिताना, आधुनिक संस्कृतीच्या गुंतागुंतीमुळे आजच्या कवीला दुर्बोध व्हावेच लागेल, असे प्रतिपादन केले होते. १९२९ ते १९३३ या काळात इंग्लंडमध्ये राहून आलेल्या मर्ढेकरांना हे वातावरण परिचित होते. म्हणूनच त्यांची दुर्बोधता उसनी आहे असे म्हणणे प्रतिपक्षाला सोपे गेले.

परंतु मर्ढेकरांच्या कवितेची घडण पाहिली तर हा आक्षेप अपुरा ठरतो. यंत्रयुगातील वस्तू, इंग्रजी शब्द, शास्त्रीय परिभाषा यांची त्यांनी जी सरमिसळ केली, ती पुष्कळ ठिकाणी ओवी-अभंगांच्या चालीवर. संतवाणीचे वळण वाचकाच्या कानात मुरलेले होते. ते वळण ऐकू येताच एक अपेक्षा जागी होत असे आणि लगेच तिच्यात कारखान्याचा किंवा दवाखान्याचा शब्द येऊन तिला तडा जात असे. या दोन स्तरांतील विरोध हाच त्या कवितेचा अर्थव्यापार होता. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) या पुस्तकापासून मर्ढेकर ज्या लयतत्त्वाचा विचार करत होते, त्यात संवादाबरोबर विरोधालाही रचनेचे तत्त्व म्हणून स्थान होते, हे या संदर्भात विसरता येत नाही. पिंपात मेलेल्या उंदरांच्या त्यांच्या कवितेवर वर्षानुवर्षे अर्थाचे पर्याय सुचवले गेले : उंदीर म्हणजे महायुद्धात मेलेली माणसे, की शहरी मध्यमवर्ग, की एकूण मानवजात? प्रश्नाची मांडणीच कूटाच्या धर्तीची होती. जणू उंदीर हे एखाद्या उखाण्यातील पद असून त्याचे उत्तर कवीच्या खिशात आहे. जगणे आणि मरणे दोन्ही सारखेच लादलेले असलेल्या जीवांविषयी किळस आणि करुणा एकाच वेळी वाटावी, अशी त्या कवितेची योजना आहे. या दोन भावना एकत्र धारण करणे वाचकाला अवघड जाते. ती अडचण शब्दार्थाची नाही, म्हणून शब्दार्थ सांगून ती दूर होत नाही.

आज या कवितेपुढे वाचक १९४७ सालाइतका बावरत नाही. ती अभ्यासक्रमांत आली, तिच्यावर व्याख्याने झाली. विजया राजाध्यक्ष यांच्या ‘मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ’ (१९९१) या ग्रंथाला १९९३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुर्बोधतेचा बराचसा भाग अशा रीतीने ओसरला. पण त्याबरोबर कविता ओसरली नाही. शिवाय मर्ढेकरांवर जे श्रम झाले ते मर्ढेकरांपुरते राहिले नाहीत. प्रतिमेला रूपकाचा एकास एक उलगडा न मागता तिच्याजवळ थांबणे, बेसूर वाटणाऱ्या शब्दाला रचनेतील कार्य असू शकते असे मानणे, या सवयी मराठी वाचकाला तेथे लागल्या आणि पुढील पिढीच्या कवितेसाठी उपयोगी पडल्या. अभिनवगुप्ताचा ‘अभ्यास’ म्हणजे तरी दुसरे काय?

५

तथापि श्रमांच्या पक्षालाही अडचणीत टाकणारी दोन उदाहरणे मराठीतच आहेत.

पहिले ग्रेस यांचे. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) पासून ग्रेस यांच्यावर खाजगी प्रतिमासृष्टीचा आरोप होत आला. तरीही हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतामुळे त्यांच्या काही रचना अशा असंख्य श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या, ज्यांनी त्यांच्या अर्थासाठी कसलेही परिश्रम केले नव्हते. अस्सल कविता कळण्यापूर्वीच पोहोचू शकते, असे एलियटने १९२९ साली दान्तेविषयी लिहिताना म्हटले होते. श्रोत्यांचा हा अनुभव खोटा ठरवण्याचे कारण नाही. यातून इतकेच दिसते, की श्रम हे आस्वादाचे प्रवेशशुल्क नाही. ते नंतरही येऊ शकतात. किंबहुना आधी काहीतरी पोहोचले असेल तरच वाचक धीराने श्रम करतो. मर्ढेकरांच्या कवितेत हे काम अभंगाच्या चालीने केले, ग्रेस यांच्या कवितेत नादाने. जी कविता कोणत्याही पातळीवर वाचकाला आधी धरून ठेवत नाही आणि केवळ सहनशीलतेची मागणी करते, तिची मागणी नाकारण्याचा अधिकार वाचकाला आहे.

दुसरे उदाहरण नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ या १९७२ सालच्या संग्रहाचे. आतापर्यंतच्या वादात दुर्बोध कवी अधिक शिकलेला आणि तक्रार करणारा वाचक कमी शिकलेला, असे गृहीत होते. ‘गोलपिठा’ने हे नाते उलटे केले. मुंबईच्या कामाठीपुऱ्याच्या परिसरातील बोलीने पांढरपेशा वाचकाला निरक्षर करून टाकले. विजय तेंडुलकरांसारख्या जाणत्या लेखकालाही या संग्रहाची प्रस्तावना लिहिताना आपण या जगाला परके असल्याची कबुली द्यावी लागली आणि शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. येथे कोशाची गरज विद्वानाला होती. त्या वस्तीतील माणसाला नव्हती. भामहाची विद्वान ते बालक ही उतरंडच येथे कोलमडते. मम्मटाच्या भाषेत बोलायचे तर, ‘शास्त्र’ कोणाचे, हा प्रश्न ‘गोलपिठा’ने विचारला. यासाठी कराव्या लागणाऱ्या श्रमांना आकलनाबरोबर नैतिक बाजूही आहे : शेजारच्या वस्तीतील भाषा आपल्याला का येत नाही, या प्रश्नाला वाचक टाळू शकत नाही. शब्दांचे अर्थ एकदा कळल्यावरही हा प्रश्न मिटत नाही, आणि म्हणूनच ती कविता शब्दसूचीत संपत नाही.

६

दुर्बोधतेचे प्रकार पाडण्याचा प्रयत्न जॉर्ज स्टाइनर याने १९७८ साली केला. संदर्भ शोधून दूर होणारी, वाचकाच्या संवेदनेला परकी असल्यामुळे जाणवणारी, कवीने हेतुतः योजलेली आणि भाषेच्या व्यवहारावरच प्रश्नचिन्ह लावणारी, असे चार प्रकार त्याने सांगितले. मराठीतील वादात हे प्रकार सतत एकमेकांत मिसळले गेले. अरुण कोलटकर यांच्या ‘भिजकी वही’त (२००३) इसिस, हायपेशिया, कण्णगी अशा दूरदूरच्या स्त्रिया येतात. त्यांच्या कथा माहीत नसणे ही पहिल्या प्रकारची अडचण; ती अर्ध्या तासात दूर होते. इतक्या काळांतील आणि देशांतील अश्रू एकाच वहीत का भिजवावेत, ही अडचण निराळी, आणि ती दूर करणे हे टिपांचे काम नाही. टिपांची मर्यादा एलियटलाही पुढे जाणवली. ‘द वेस्ट लँड’च्या १९२२ सालच्या पुस्तकरूपाला जोडलेल्या टिपांनी वाचकांना भलत्याच शोधात गुंतवले, याबद्दल त्याने १९५६ सालच्या एका व्याख्यानात खेद व्यक्त केला.

एक गंभीर आक्षेप मात्र उरतो. ज्यासाठी कष्ट केले ते माणसाला मोलाचे वाटू लागते, हा मनाचा स्वभाव आहे. एखाद्या कवितेवर वर्षे घालवलेला अभ्यासक ती निःसार होती असे सहसा म्हणणार नाही. मग श्रमांना फळ आले हे त्याचे म्हणणे कितपत ग्राह्य मानावे? एका वाचकाच्या साक्षीवर विसंबले तर या आक्षेपाला उत्तर नाही. परंतु काळ हा अनेक वाचकांचा साक्षीदार असतो. एका पिढीने केलेले श्रम दुसऱ्या पिढीला आयते मिळतात, आणि ज्याने स्वतः कष्ट केले नाहीत असा वाचक त्या रचनेसमोर येतो. त्याला कष्टांची भरपाई करून घ्यावयाची नसते. गाठ आधीच सुटलेली असताना तो तेथे थांबतो की निघून जातो, यावरून निर्णय होतो. मल्लिनाथाची टीका हाती असलेला वाचक एकाक्षरी श्लोकावरून पुढे सरकतो. पाच नलांपुढे उभ्या असलेल्या दमयंतीजवळ तो अजून थांबतो.

या दृष्टीने पाहता आजच्या अध्यापनातील धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. विद्यार्थ्याला कवितेचा ‘अर्थ’ मार्गदर्शिकेतून मिळतो आणि परीक्षेत तो लिहून येतो. श्रम वाचतात, पण आधीच्या पिढीचे श्रम आयते मिळणे आणि आपले श्रम दुसऱ्यावर सोपवणे यांत फरक आहे. पहिल्याने वाचक पुढच्या अडचणीपाशी लवकर पोहोचतो. दुसऱ्याने तो कोणत्याच अडचणीपाशी पोहोचत नाही, आणि नवी कविता समोर आली की तितकाच असहाय राहतो. दुर्बोधतेविषयीची तक्रार अशा वाचकाकडून आली तर तिच्यात खोट नसते. ती त्याला मिळालेल्या शिक्षणाविषयीची साक्ष असते.

समीक्षेचे कर्तव्य त्यामुळे दुर्बोध कवितेची सरसकट वकिली करणे हे नाही आणि वाचकाच्या वतीने तिला सरसकट जाब विचारणे हेही नाही. समोरची अडचण पाठाची आहे, संदर्भाची आहे, कवीच्या मिरवण्याची आहे, वाचकाच्या सामाजिक अज्ञानाची आहे, की अनुभवाच्याच घडणीची आहे, हे तिने निवडून सांगावे. पहिल्या दोन अडचणी तिने स्वतः दूर कराव्यात, तिसरी उघड करावी, चौथीबाबत वाचकाला संकोचात टाकावे, आणि पाचवीपुढे त्याला आणून सोडावे. तेथून पुढचे श्रम वाचकाचेच आहेत.